दुसऱ्याच्या टाइमशेअरवर आपली सुट्टी: एका व्यवहाराच्या जोखमीचा आढावा

उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून आईवडील आले की अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत फ्लोरिडाचा बेत शिजतो. माणसं सात-आठ, त्यांत दोघं ज्येष्ठ, कुणाचं तरी पथ्यपाणी, लहानग्यांच्या जेवणाच्या वेळा. हॉटेलच्या तीन खोल्या घेण्यापेक्षा दोन बेडरूमचा व्हिला सोयीचा पडतो: स्वयंपाकघर, कपडे धुण्याचं मशीन आणि संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसायला जागा. असे व्हिला टाइमशेअर रिसॉर्टमध्ये, म्हणजे राहण्याचे दिवस मेंबरांना वाटून विकणाऱ्या रिसॉर्टमध्ये, मिळतात आणि रिसॉर्टकडून थेट घ्यायला गेलं तर दर ऐकून माणूस मागे फिरतो. मग ओळखीतलं कुणीतरी सुचवतं, ‘मेंबरकडून घ्या, बरंच स्वस्त पडेल.’ इकडे भारतातही दिवाळी आणि नाताळच्या तोंडावर गोव्याची, महाबळेश्वरची रूम ‘मेंबरशिपवर’ मिळवून देणारे मेसेज व्हॉट्सॲपच्या गटांत फिरू लागतात.

सल्ला चुकीचा नाही. असे असंख्य मुक्काम सुरळीत पार पडतात. पण यातल्या जोखमीचा विचार आपल्याकडे नीट झालेला नाही. टाइमशेअरबद्दल जे लिहिलं-बोललं जातं ते मुख्यतः मेंबरशिप विकत घेणाऱ्यांच्या तक्रारींबद्दल असतं. मालकाकडून चार रात्री भाड्याने घेणारा त्यात सहसा येत नाही. त्याच्या बाजूने पाहिलं तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. मालक लबाड निघणं ही इथली सर्वांत मोठी जोखीम नाही. मालक सज्जन असला तरी बुकिंगचा ताबा मुक्कामाच्या दिवसापर्यंत त्याच्याकडेच राहतो, आणि रिसॉर्टच्या लेखी भाडेकरू हा नाव नोंदवलेला पाहुणा, एवढाच. यातले बाकीचे बरेच वाद इथूनच फुटतात.

इथवर कसं आलो

सुट्टीचा हक्क वाटून घेण्याची कल्पना युरोपातली. स्वित्झर्लंडमधली हापिमाग ही संस्था १९६३ साली सुरू झाली. तिचे भागधारक संस्थेच्या मालकीच्या घरांत पाळीपाळीने राहू लागले. १९६७च्या सुमारास फ्रेंच आल्प्समधल्या सुपरदेवोलुई या स्की-केंद्रात खोलीतले आठवडे विकायला सुरुवात झाली. अमेरिकेत ही पद्धत सत्तरच्या दशकात फोफावली. फ्लोरिडात बांधून पडलेले, गिऱ्हाईक न मिळालेले फ्लॅट आठवड्यांच्या तुकड्यांत विकणं बिल्डरांना परवडू लागलं. १९७४ साली इंडियानापोलिसमध्ये आरसीआय आणि १९७६ साली इंटरव्हल इंटरनॅशनल सुरू झाली. आपला आठवडा देऊन दुसऱ्या गावचा आठवडा घेण्याची सोय या संस्थांनी केली. पुढे आठवड्यांची जागा हळूहळू पॉइंट्सनी घेतली. डिस्ने व्हेकेशन क्लब १९९१ साली सुरू झाला तो पॉइंट्सवरच.

भाड्याचा बाजार उभा राहिला तो वार्षिक देखभाल शुल्कामुळे. मालक सुट्टीला जावो न जावो, हे शुल्क भरावंच लागतं. अमेरिकेत त्याची सरासरी आता वर्षाला हजार डॉलरच्या वर गेली आहे. एखाद्या वर्षी जाता आलं नाही, मुलं मोठी झाली, गुडघे दुखू लागले, तरी बिल यायचं थांबत नाही. मग निदान शुल्क तरी वसूल व्हावं म्हणून मालक आपले दिवस दुसऱ्याला देतो. २००२ साली सुरू झालेल्या रेडवीकसारख्या ठिकाणांनी अशा मालकांना गिऱ्हाईक मिळवून दिलं. डिस्नेच्या पॉइंट्सपुरते वेगळे दलालही तयार झाले.

भारतात स्टर्लिंग १९८६ साली आणि महिंद्रा हॉलिडेज १९९६ साली या धंद्यात उतरली. इथला नेहमीचा नमुना पंचवीस वर्षांच्या मेंबरशिपचा. त्यात मालकी कशाचीच मिळत नाही, फक्त वापराचा हक्क मिळतो. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक जखम आहे. हॉलिडे मेंबरशिपच्या नावाखाली पैसे गोळा करणाऱ्या पॅनकार्ड क्लब्ज या मुंबईच्या कंपनीला सेबीने २०१६ साली सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करायला सांगितलं. गुंतवणूकदार पन्नास लाखांहून जास्त होते. ते प्रकरण निराळं. तिथे खोली हे निमित्त होतं, लोकांनी पैसे ठेवले ते परताव्याच्या आशेने. पण ‘हॉलिडे क्लब’ हा शब्द ऐकून ज्या घरांत आजही कपाळाला आठी पडते, त्या आठीमागे हा इतिहास आहे.

व्यवहार आतून

डिस्नेच्या क्लबचं उदाहरण घेतलं की यंत्रणा स्पष्ट दिसते. मेंबरला दरवर्षी ठरावीक पॉइंट्स मिळतात. स्वतःच्या ‘होम’ रिसॉर्टचं बुकिंग अकरा महिने आधी करता येतं, इतर रिसॉर्टचं सात महिने आधी. भाडेकरूला हव्या त्या तारखा मेंबर आपल्या पॉइंट्सवर घेतो, पाहुणा म्हणून त्याचं नाव घालतो आणि कन्फर्मेशन नंबर पाठवतो. हा नंबर डिस्नेच्या ॲपमध्ये टाकला की बुकिंग आपल्या खात्यात दिसू लागतं. खातरजमा करण्याचा हा चांगला मार्ग आहे. भाडेकरू इथे निश्चिंत होतो, आणि नेमकं इथेच सावध राहायला हवं. ॲपमध्ये दिसणारं बुकिंग आपण बदलू शकत नाही. तारीख पुढे-मागे करायची असली किंवा एक नाव वाढवायचं असलं तरी मेंबरलाच विनंती करावी लागते. मेंबरने ते रद्द केलं तर ते आपल्या पडद्यावरून नाहीसं होतं.

पैसे परत का मिळत नाहीत, याचं उत्तरही याच यंत्रणेत सापडतं. मुक्कामाला तीस दिवसांहून कमी उरले असताना बुकिंग रद्द झालं तर पॉइंट्स एका वेगळ्या ‘होल्डिंग’ खात्यात अडकतात. तिथून ते पुढच्या साठ दिवसांतल्या मोकळ्या राहिलेल्या खोल्यांसाठीच वापरता येतात. पुढच्या वर्षासाठी राखून ठेवता येत नाहीत. म्हणजे भाडेकरूच्या घरी आजारपण आलं आणि त्याने ऐनवेळी नकार कळवला, तर मालकाचे त्या वर्षाचे पॉइंट्स जवळजवळ वायाच जातात. ‘पैसे परत मिळणार नाहीत’ हे कलम मालक हावरटपणाने घालतो असं म्हणणं त्यामुळे अन्यायाचं होईल. त्याचा माल नाशवंत आहे.

जोखीम कुठेकुठे

पहिला प्रकार उघड फसवणुकीचा. बुकिंग नसतंच, किंवा एकच बुकिंग दोघातिघांना विकलेलं असतं. खोटं कन्फर्मेशन लेटर बनवायला आता कसब लागत नाही. यावर निदान काही उपाय हाताशी आहेत: नंबर रिसॉर्टकडून किंवा ॲपवर पडताळणं, आणि पैसे अशा मार्गाने देणं की तक्रारीला दार उघडं राहील. फसवणूक एकाच दिशेने होते असंही नाही. मेक्सिकोतल्या हालिस्को टोळीशी जोडलेल्या टाइमशेअर घोटाळ्यांबद्दल अमेरिकी यंत्रणांनी २०२४ साली इशारा दिला. २०१९ ते २०२३ या काळात सुमारे सहा हजार अमेरिकी तक्रारदारांनी मिळून जवळपास तीस कोटी डॉलर गमावले होते. यातले बरेचसे मालक. ‘तुमचा टाइमशेअर भाड्याने घ्यायला गिऱ्हाईक तयार आहे, आधी अमुक कर भरा’ असं सांगून त्यांना लुटलं गेलं.

दुसरा प्रकार जास्त विचार करायला लावणारा आहे: बुकिंग खरं होतं, पण नंतर टिकलं नाही. मालकाने शुल्क थकवलं म्हणून क्लबने त्याचं खातं गोठवलं. मालक वारला आणि वारसांना या व्यवहाराचा पत्ताच नव्हता. नवरा-बायको वेगळे झाले आणि खात्यावरच्या दुसऱ्या नावाने बुकिंग रद्द केलं. किंवा मालक धंदा म्हणून खोल्या देतो असं ठरवून क्लबने त्याची बुकिंग्ज काढून टाकली. यातल्या एकाही प्रसंगात भाडेकरूचं काही चुकलेलं नसतं आणि त्याला आगाऊ काही कळण्याची सोयही नसते.

याचाच एक पोटप्रकार फारसा कुणाला ठाऊक नसतो. आरसीआय किंवा इंटरव्हलमार्फत अदलाबदलीत मिळालेला आठवडा भाड्याने द्यायला या संस्थांचे नियमच मनाई करतात. गेस्ट सर्टिफिकेटवर नातलगाला, मित्राला पाठवता येतं. सर्टिफिकेट विकता येत नाही. मालक मात्र ‘गेस्ट सर्टिफिकेट काढून देतो, चिंता नको’ असं अगदी मोकळेपणाने सांगतो, कारण त्याच्या मते पाहुणा तो पाहुणाच. हे बुकिंग मालकाच्या स्वतःच्या आठवड्याचं आहे की अदलाबदलीचं, हा प्रश्न भाडेकरूने विचारायलाच हवा. प्रत्यक्षात तो क्वचितच विचारला जातो.

तिसरा प्रकार अपेक्षाभंगाचा. समुद्र दिसेल म्हणून घेतलेली खोली पार्किंगकडे तोंड करून निघते. रोजची साफसफाई मिळत नाही. नाश्ता धरलेला नसतो. मेंबरच्या सवलती पाहुण्याला लागू होत नाहीत. त्रास होतो, पण मुक्काम होतो. त्यावर इथे जास्त थांबत नाही.

पैसे देण्याच्या मार्गाचा मुद्दा मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. क्रेडिट कार्डाने किंवा पेपॅलने दिले की आपण सुरक्षित, असं सर्रास सांगितलं जातं. पेपॅलवरचा वाद पैसे दिल्यापासून १८० दिवसांच्या आत उपस्थित करावा लागतो, आणि ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ म्हणून पाठवलेल्या रकमेला हे संरक्षण मुळातच नसतं. अमेरिकेच्या १९७४च्या कार्ड-बिलविषयक कायद्यातली मुदत बिल पाठवल्यापासून साठ दिवसांची; कार्ड कंपन्यांचे स्वतःचे नियम काही वेळा याहून उदार असतात, पण ते कायद्याने बांधलेले नाहीत. आता अकरा महिने आधी केलेलं बुकिंग डोळ्यांसमोर आणा. सप्टेंबरात पैसे दिले, मुक्काम पुढच्या ऑगस्टात, बुकिंग रद्द झालं जुलैत. पेपॅलची मुदत मार्चमध्येच संपलेली असते.

कोणाचं काय म्हणणं

क्लबांची भूमिका अशी की खोल्या मेंबरांसाठी आहेत. काही जण शेकडो आरक्षणं करून गर्दीच्या तारखा अडवतात आणि नफ्यावर विकतात. त्यामुळे सामान्य मेंबरला मुलांच्या सुट्टीत खोली मिळत नाही. शिवाय अनोळखी पाहुण्याने नुकसान केलं तर जबाबदार कोण? हे म्हणणं पोकळ नाही. स्वतः कधीच खोली भाड्याने न देणारे अनेक मेंबर या बाबतीत क्लबाच्या बाजूने बोलतात.

मालकांचा प्रतिवाद असा की आम्ही पैसे मोजून हक्क घेतला आहे, दरवर्षी शुल्क भरतो, मग वापर कुणी करायचा हे आम्ही ठरवू. अमेरिकेत जिथे रीतसर खरेदीखत होतं तिथे हा युक्तिवाद जड ठरतो. भारतातल्या वापर-हक्काच्या मेंबरशिपमध्ये तो लगेच दुबळा होतो, कारण हातात करार असतो, मालमत्ता नसते. मालक आणखी एक मुद्दा मांडतात आणि तो मला रास्त वाटतो: क्लब स्वतः न विकलेल्या खोल्या बाहेरच्यांना भाड्याने देतात. त्यामुळे भाडेकरू मुळातच नको, असं क्लबाला म्हणता येत नाही. आक्षेप खरा आहे तो भाडं कुणाच्या खिशात जातं यावर.

मध्यस्थ म्हणतात, धोका अनोळखी माणसाशी थेट व्यवहार करण्यात आहे, आम्ही तो कमी करतो. मालकी पडताळतो, रक्कम आमच्याकडे ठेवतो आणि मालकाला टप्प्याटप्प्याने किंवा चेक-इन झाल्यावर देतो. उघड फसवणुकीपुरतं हे खरंच उपयोगी पडतं. पण बुकिंगवर मध्यस्थाचाही ताबा नसतो, आणि कित्येक करारांत ‘आम्ही केवळ दोघांची गाठ घालून देतो’ असं कलम असतं.

या सगळ्या भूमिकांची कसोटी २०२०च्या मार्चमध्ये लागली. महासाथीमुळे १६ मार्चपासून डिस्ने वर्ल्ड बंद झालं. क्लबाचे व्हिला २२ जूनला उघडले, पार्क ११ जुलैपासून. मधल्या काळातल्या मुक्कामांसाठी भाडेकरूंनी पैसे आधीच भरलेले होते. भाडेकरू म्हणाले, खोलीच मिळाली नाही तर पैसे कसले? मालक म्हणाले, आम्ही करारात ठरलं तसं बुकिंग केलं, ते आम्ही रद्द केलेलं नाही आणि आमचे पॉइंट्स कालबाह्य होत आहेत. मध्यस्थ परतावा नसल्याच्या कलमाकडे बोट दाखवू लागले. काहींनी पुढच्या प्रवासासाठी व्हाउचर दिली. तिन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक होत्या आणि कराराच्या कागदावर या परिस्थितीसाठी एक ओळसुद्धा नव्हती. त्यानंतर अनेक करारांत अशी कलमं आली. फ्लोरिडात १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम असतो, म्हणजे हा प्रश्न महासाथीपुरता नाही.

कायदा कुठे थांबतो

टाइमशेअरवर कायदे आहेत, पण ते खरेदीदाराला सांभाळतात. युरोपीय संघाच्या २००८च्या निर्देशाने करार मोडायला चौदा दिवसांची मुभा दिली, फ्लोरिडाच्या कायद्यात ती दहा दिवसांची आहे. युरोपीय निर्देश एका वर्षाहून जास्त मुदतीच्या करारांना लागू होतो. एका आठवड्याचं भाडं त्याच्या व्याख्येतच बसत नाही. मुंबईच्या पोटभाडेकरूची आठवण यावी अशी ही अवस्था आहे: राहतो तो, पण घरमालकाच्या वहीत नाव दुसऱ्याचं. १ फेब्रुवारी १९७३ रोजी लीव्ह-लायसन्सवर राहत असलेल्यांना मुंबईच्या भाडे कायद्याने भाडेकरूचा दर्जा तरी दिला होता. टाइमशेअरमधल्या या तिसऱ्या माणसाची दखल कायद्याने अजून घेतलेली नाही.

भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र केंद्रीय कायदाच नाही. वाद जातो तो २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याकडे. त्यातली एक सोय मोठी आहे: तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांच्या आत. सरळ फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवणं महत्त्वाचं, कारण यूपीआयने गेलेले पैसे पुढच्या खात्यांत पांगायला वेळ लागत नाही.

भारतातल्या व्यवहाराचं एक अंग मला विशेष खटकतं. मेंबरशिप पैसे घेऊन दुसऱ्याला वापरू द्यायला क्लबाचे नियम सहसा परवानगी देत नाहीत. पाहुणा म्हणून नातलगाला, स्नेह्याला पाठवता येतं. त्यामुळे मेंबर भाडेकरूला आधीच पढवून ठेवतो: ‘रिसेप्शनवर विचारलं तर मावसभाऊ म्हणून सांगा.’ रात्रभर गाडी चालवून आलेलं कुटुंब, काउंटरवर आधारकार्डांची चळत, मागे सोफ्यावर बसलेले आईवडील, आणि घरच्या कर्त्या माणसाला खोट्या नात्याचं नाव घ्यावं लागतं. हजार-दोन हजार रुपये वाचवताना ही किंमत कुणी धरलेली नसते. उद्या खोली नाकारली गेली, तर हेच खोटं त्याच्या तक्रारीच्या आड येतं.

न सुटलेल्या गाठी

‘धंदेवाईक वापर’ कुठे सुरू होतो, हे कुणालाच नीट सांगता आलेलं नाही. डिस्नेने एके काळी वर्षभरात वीसपेक्षा जास्त आरक्षणं हा संशयाचा उंबरठा मानला होता. आकडा स्पष्ट असला की तो चुकवणंही सोपं होतं. आकडा नसला की सारं क्लबाच्या मर्जीवर जातं. वर्षातून एकदा शुल्क भरून काढायला व्हिला देणारी निवृत्त शिक्षिका आणि वीस खात्यांवरून खोल्या फिरवणारा व्यापारी यांना वेगळं करणारी रेघ हवी आहे. ती कोण आखणार, क्लब की कायदा, यावर एकमत नाही.

भारतीय कायद्यातला प्रश्न जास्त रोचक आहे. ‘ग्राहक’ या व्याख्येत, ज्याने पैसे मोजले त्याच्या संमतीने सेवा वापरणाराही येतो. त्या हिशेबाने मेंबरच्या संमतीने राहणारा पाहुणा थेट क्लबाविरुद्ध तक्रार करू शकेल. पण त्याच व्याख्येतून व्यापारी हेतूने घेतलेली सेवा वगळली आहे, आणि मेंबरने खोली विकली म्हणजे हेतू व्यापारी झाला असं क्लब म्हणणार. एका वर्षाची खोली शुल्काइतक्याच रकमेला दिली तर त्याला व्यापार म्हणायचं का? आणि म्हटलं, तरी मेंबरच्या हेतूची शिक्षा पाहुण्याने का भोगावी? वकिलांना दोन्हीकडून बोलता येईल असा हा मुद्दा आहे.

शेवटचा प्रश्न ताब्याचा. पाहुण्याचं नाव नोंदवून पूर्ण रक्कम चुकती झाली की त्याच्या संमतीशिवाय बुकिंग रद्द होऊ नये, एवढी एक सोय क्लबांच्या यंत्रणेत झाली तर दुसऱ्या प्रकारची बरीचशी जोखीम नाहीशी होईल. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड दिसत नाही. पण तसं करणं म्हणजे भाडेकरूशी थेट नातं मान्य करणं, आणि ते मान्य केलं की क्लबावर त्याची जबाबदारी आली. मालकांनाही हे सहज पटणार नाही: भाडेकरूने चेक-इननंतर कार्ड कंपनीकडे तक्रार करून पैसे परत ओढले तर त्यांच्या हाती काय उरतं?